पहिलं बिल कोणाच्या नावानं फाडलं?

प्रति,
नागपुरातल्या कॉलेजांमधून स्वतःचा उद्योग काढू पाहणारे सगळे विद्यार्थी

मित्रमैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात शहरातल्या एका कॉलेजनं मला स्टार्टअप स्पर्धेची परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एकवीस संघ होते. सादरीकरणं देखणी होती, मुलं आत्मविश्वासानं बोलत होती आणि बहुतेकांच्या शेवटच्या स्लाइडवर पाच वर्षांनंतरची उलाढाल कोटींमध्ये लिहिलेली होती. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : आजवर कोणी तुम्हाला पैसे मोजले का? वीस संघांनी नाही म्हटलं. एकविसाव्या संघातल्या दोन मुली विद्यार्थ्यांच्या मेस चालवणाऱ्या काकूंना उद्या किती ताटं लागतील याचा हिशेब रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होत्या. सहा मेस, प्रत्येकीकडून महिन्याला ३०० रुपये. त्यांच्याकडे अ‍ॅप नव्हतं, लोगो नव्हता. एक वही होती आणि त्या वहीत अठराशे रुपयांची दर महिन्याची नोंद होती. त्यांचा नंबर आला नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये शेवटच्या वर्षाचा एक मुलगा माझ्याजवळ आला. म्हणाला, "मॅडम, मी सेमिस्टर सोडायचं ठरवलंय. पूर्ण वेळ याच्यातच पडतो." त्याचे डोळे इतके चमकत होते की मला तिथल्या तिथे काही बोलवेना. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. त्याला जे सांगायला हवं होतं ते तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

२०१७ मध्ये, जीएसटी लागू झाला त्याच वर्षी, आम्ही तिघा वर्गमित्रांनी कापसातला ओलावा मोजणारं यंत्र बनवायला घेतलं. कारण साधं होतं. कापसाच्या सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा धरून भाव असतो. त्याच्यावर गेला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. माझ्या मामाची शेती काटोलकडे आहे. खरेदी केंद्रावर कोणीतरी मीटर खुपसतो, एक आकडा म्हणतो आणि मामाचा भाव कमी होतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. कास्तकाराच्या हातात स्वतःचं मीटर असलं तर त्याला कोणी फसवू शकणार नाही, असं आम्हाला वाटलं. कल्पना चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते. पण आमचं पहिलं दीड वर्ष या कल्पनेच्या प्रेमात गेलं, आणि प्रेमात असलेला माणूस जसा समोरच्याचं बोलणं ऐकत नाही तसं आमचं झालं.

यंत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत छान चालायचं. कापसातून वीज किती सहज जाते यावरून ओलावा काढायचा, हे त्याचं तत्त्व. जून-जुलैमध्ये आम्ही गादीवाल्याकडून आणलेल्या कापसावर शेकडो वेळा मोजणी केली. मग नोव्हेंबरात पहाटे हिंगणघाटला कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभे राहिलो आणि एकाच गाडीत आमच्या मीटरनं ९ पण दाखवले आणि १३ पण. कांडी जोरात दाबली की आकडा वाढायचा, हलकी धरली की कमी व्हायचा. वरच्या थरावर दव, आतला माल कोरडा. कधी याच्या उलट, वरून उन्हानं वाळलेला आणि तळाशी मुद्दाम ओला ठेवलेला. शिवाय प्रयोगशाळेत आमच्याकडे सरकी काढलेली रुई होती, गाडीत सरकीसकट कापूस. हा फरक आम्ही इंजिनिअर लोकांनी लक्षातच घेतला नव्हता.

तिथे कापसाची प्रत ठरवणारे एक म्हातारे ग्रेडर होते. त्यांनी आमची धडपड अर्धा तास पाहिली आणि म्हणाले, "पोरी, वरचा कापूस काय पाहून राहिली? हात आत घाल." त्यांनी गाडीच्या तीन वेगवेगळ्या जागांवरून मूठ-मूठ कापूस काढला, एक सरकी दाताखाली फोडली, आवाज ऐकला आणि साडेदहा म्हणाले. आम्ही तोच नमुना भट्टीत वाळवून वजन केलं, आकडा साडेदहाच्या अगदी जवळ आला. त्या माणसाबरोबर मी नंतर अकरा दिवस उभी राहिले. आमच्या यंत्राची आजची रचना त्या अकरा दिवसांतून आली आहे. नमुना ठरावीक डब्यात भरायचा, वर ठरावीक वजनाचं झाकण ठेवायचं, म्हणजे दाब माणसाच्या हातावर अवलंबून राहत नाही. आणि नमुना तीन ठिकाणांहून घ्यायचा. तुमच्या विषयातला असा म्हातारा माणूस कुठेतरी आहे. तो लिंक्डइनवर सापडणार नाही, कळमन्याच्या बाजारात, इतवारीच्या दुकानात, बुटीबोरीच्या शॉप फ्लोअरवर सापडेल. त्याच्यापुढे वही घेऊन बसायला संकोच वाटू देऊ नका.

यंत्र सुधारलं. मग विकायला निघालो. ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं होतं, विदर्भात कापसाचं अतोनात नुकसान झालं होतं. काटोलजवळच्या एका कास्तकारानं आमचं यंत्र हातात घेऊन नीट पाहिलं, दोन वेळा मोजलं, आणि अतिशय शांतपणे म्हणाला, "ताई, यंत्र तं चांगलं हाय. पन मी वर्षातून चार खेपा कापूस नेतो. चार खेपांसाठी साडेनऊ हजार कायले देऊ?"

हे वाक्य मी तुम्हाला पाठ करायला सांगेन. त्यानं आम्हाला वाईट म्हटलं नव्हतं. त्याला गरज नव्हती असंही नाही. गरज असणं आणि पैसे मोजणं यांच्या मधे किती मोठं अंतर असतं ते त्यानं एका वाक्यात दाखवलं. आम्ही मात्र त्यानंतरही चार महिने गावोगाव फिरलो, कारण आम्ही उतरलो त्या तिन्ही स्पर्धांमध्ये परीक्षकांना "शेतकऱ्याच्या हातात तंत्रज्ञान" हेच आवडलं होतं. दोन बक्षिसं मिळाली. एकही यंत्र विकलं गेलं नाही.

वळण आलं ते एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, अकाउंटंटमुळे. त्यानं गप्पांमध्ये विचारलं की शेठ शंभर क्विंटल कापूस १४ टक्क्यांनी घेतो आणि तो गंजीत पडून ८ टक्क्यांवर येतो, तर आमचं किती जातं? मी तिथेच कागदावर मांडलं. शंभरात कोरडा माल ८६ क्विंटल. तोच माल ८ टक्के ओलाव्याला भरतो सुमारे साडेत्र्याण्णव क्विंटल. म्हणजे साडेसहा क्विंटल कापसाच्या भावानं शेठनं पाणी विकत घेतलं, आणि असे व्यवहार हंगामात रोज होतात. तो कागद घेऊन अकाउंटंट आत गेला आणि वीस मिनिटांनी शेठ स्वतः बाहेर आले. आमचं पहिलं बिल त्या दिवशी फाटलं, दोन यंत्रांचं. पैसे ज्याचे बुडत होते तो आमचा ग्राहक होता, आणि आम्ही दीड वर्ष दुसऱ्याच दारात उभे होतो.

मामाचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. मलाही ती टोचणी होती. आम्ही यंत्राचा आकडा दोन्ही बाजूंना दिसेल असा ठेवला, एक पडदा ग्रेडरकडे, एक गाडीवानाकडे. काही जिनिंगवाल्यांनी दुसरा पडदा काढायला सांगितलं. त्यांना आम्ही यंत्र दिलं नाही. धंद्याचं नुकसान झालं, पण हा निर्णय घ्यायला आम्हाला अर्धा दिवसही लागला नाही, कारण सुरुवात कशासाठी केली होती ते आम्हाला आठवत होतं.

आता भागीदारीबद्दल. हे मला लिहायला जड जातं, पण याच्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. आम्ही तिघांनी एका चहाच्या टपरीवर बसून सारखे तीन हिस्से ठरवले. कागद काही केला नाही, मैत्रीत कागद कसला? आठ महिन्यांनी आमच्यातल्या एकाला पुण्यात कॅम्पसची नोकरी मिळाली. त्याच्या घरी बहिणीचं लग्न होतं, कर्ज होतं. त्यानं जायलाच हवं होतं आणि मी त्याला दोष देत नाही. पण कंपनीच्या कागदांवर त्याचा तिसरा हिस्सा तसाच राहिला. पुढे जेव्हा एक गुंतवणूकदार आमच्याशी बोलायला लागला तेव्हा त्यानं पहिलाच प्रश्न त्या हिश्श्याचा केला, आणि बोलणं तिथेच थांबलं. हिस्सा परत घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात दोन घरांचे संबंध ताणले गेले, माझ्या आईचं आणि त्याच्या आईचं वटसावित्रीला एकत्र जाणं थांबलं.

याच्यावर उपाय सोपा आहे आणि जगभर वापरला जातो. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं पक्का करायचा, आणि पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी जो जाईल त्याला काही मिळणार नाही असं लिहायचं. याला व्हेस्टिंग म्हणतात. हा करार मैत्री घट्ट असते तेव्हाच करायचा असतो. सगळ्यांच्या आईवडिलांनाही तो वाचायला द्या. आणि त्यात एक प्रश्न नक्की असू द्या : प्लेसमेंटचं पत्र आलं तर काय? नागपुरात हा प्रश्न येतोच.

कंपनी नोंदवायची घाई हीदेखील माझी चूक. एका स्पर्धेच्या अर्जात रकाना होता म्हणून आम्ही तिसऱ्याच महिन्यात प्रायव्हेट लिमिटेड काढली. विक्री शून्य, पण दरवर्षी कंपनी निबंधकाकडे वर्षाच्या हिशेबाचा आणि वार्षिक विवरणाचा असे दोन फॉर्म भरणं बंधनकारक. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. आम्हाला पहिल्याच वर्षी ७० दिवस उशीर झाला. १४,००० रुपये गेले, ते माझ्या शिकवणीचे पैसे होते. त्याहून मोठं नुकसान नंतर कळलं. २०२१ मध्ये केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली. इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेमार्फत, उत्पादनाचा पहिला नमुना बनवायला २० लाखांपर्यंत अनुदान. अट अशी की कंपनी नोंदवून दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी. आमची चार वर्षांची होती. त्यातली दीड वर्षं आम्ही एकही रुपया न कमावता नुसती कागदावर काढलेली. पहिली दहा-वीस बिलं तुम्ही साध्या प्रोप्रायटरशिपवर, म्हणजे एकट्याच्या मालकीवर, नाहीतर भागीदारी फर्मवर फाडू शकता. बाहेरचा पैसा यायची वेळ आली किंवा जबाबदारी मोठी झाली की कंपनी काढा. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर मात्र एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी पहिल्या दिवसापासून लागते, तिथे थांबू नका. योजनांबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, त्या बदलत राहतात आणि तुमच्या कॉलेजच्या इनोव्हेशन कौन्सिलकडे ती माहिती असते, असायला हवी.

उधारीबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण मी पाहिलेले बहुतेक छोटे उद्योग कल्पना वाईट म्हणून बंद पडले नाहीत. येणी अडकली म्हणून पडले.

दुसऱ्या हंगामात सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या एका जिनिंगनं आमच्याकडून १४ यंत्रं घेतली. दर ९,५००. बिल झालं १,३३,००० रुपयांचं आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,९४०. आम्ही घरी पेढे वाटले. आमचा सुट्या भागांचा खर्च यंत्रामागे ४,२०० होता आणि तो दुकानदाराला रोख दिलेला होता. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरायचा होता. ग्राहकानं पैसे दिले की नाही हे सरकार विचारत नाही, बिल फाडलं की कर लागू. खरेदीवर आधीच भरलेला जीएसटी, म्हणजे इनपुट क्रेडिट, वजा करूनही तेरा हजारांच्या वर रक्कम खिशातून गेली. आणि ग्राहकाचे पैसे? पाच महिन्यांनी आले. हंगाम संपून उन्हाळा लागला होता. त्या पाच महिन्यांत आम्ही चार नव्या ऑर्डरी परत पाठवल्या, कारण सुटे भाग आणायला पैसे नव्हते. नफ्यात असलेली कंपनी बंद पडू शकते हे मला पुस्तकात कधी समजलं नव्हतं, त्या उन्हाळ्यात समजलं.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हा कायदा तेव्हाही होता. पण आमची एमएसएमई नोंदणीच नव्हती, त्यामुळे तो दाखवायला तोंड नव्हतं. आता हीच नोंदणी 'उद्यम' नावानं ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. तुम्ही वस्तू बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर बिलावर उद्यम क्रमांक छापा. आयकर कायद्यातही आता अशी तरतूद आहे की मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही, पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येतो. मार्च जवळ आला की या एका तरतुदीमुळे फोन उचलले जातात, हा माझा अनुभव आहे. आणि नव्या ग्राहकाकडून निम्मे पैसे आधी घ्या. मागायला लाज वाटते, मलाही वाटायची. पण जो अर्धे आधी देत नाही तो नंतर पूर्ण देईल याची खात्री कोण देणार?

मला नेहमी विचारलं जातं की हे सगळं नागपुरात बसून कशाला, पुण्याला किंवा बेंगळुरूला का गेला नाहीत. जमशेटजी टाटांनी कापड गिरणीसाठी मुंबई सोडून नागपूर निवडलं तेव्हा त्यांनाही हेच विचारलं गेलं होतं. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा त्यांनी भरून घेतली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. हिशेब स्वच्छ होता, कापूस इथे पिकतो, कोळसा जवळ आहे आणि रेल्वे आहे. ती गिरणी २००२ मध्ये बंद झाली, आज तिथे मॉल उभा आहे. पण तो हिशेब अजून खरा आहे. संत्रं, कापूस, वाघ पाहायला येणारा पर्यटक, खाणी, वीज केंद्रं, देशाच्या मध्यावरची गोदामं, यांच्या अडचणी बेंगळुरूत बसलेल्या मुलाला दिसत नाहीत. तुम्हाला हिंगणा रोडच्या मेट्रोत बसल्या बसल्या दिसतात. तुमचं सॉफ्टवेअर जगभर विकायचं असेल तर खुशाल बाहेर जा. पण ज्याची अडचण सोडवायची तो माणूस तासाभराच्या अंतरावर असणं हे फार मोठं भांडवल आहे, ते तुमच्याकडे आयतं आहे.

पार्किंगमधल्या त्या मुला, आता तुझ्याशी बोलते. सेमिस्टर सोडू नकोस. केंद्र सरकारचं विद्यार्थ्यांसाठीचं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण २०१९ पासून आहे. त्यात हजेरीची सवलत आणि गरज पडली तर काही काळाचा रीतसर खंड यांची शिफारस आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज दे, तोंडी मागू नकोस. मी बावीस महिने एक रुपया पगार न घेता काम केलं आणि त्या काळात बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवून घरखर्चाला हातभार लावला. पदवी होती म्हणून पालकांनी मुलं माझ्याकडे पाठवली. बाबा त्या काळात रोज रात्री जेवताना फक्त एवढंच विचारायचे, "आज कोणी भेटलं का?" नोकरीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. ज्यांच्या घरी असं कोणी नाही त्यांना हा रस्ता कितीतरी जास्त खडतर जातो. तुझ्या घरी काय आहे हे मला ठाऊक नाही. ते घरच्यांसमोर बसून आधी बोल, पैशांच्या आकड्यांसकट बोल, किती महिने निभेल ते लिहून काढ.

मुलींसाठी एक वेगळी ओळ. बाजारात, कारखान्यात सुरुवातीला लोक तुमच्याशी न बोलता तुमच्या शेजारच्या मुलाशी बोलतात. माझ्याशीही असंच व्हायचं. मी बोलणं सोडलं नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीला ज्याला आकडे पाठ असतात त्याच्याकडेच सगळे वळतात.

कापसाची आवक दिवाळीनंतर वाढते. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत आमची गाडी दर मंगळवारी पहाटे साडेपाचला वर्धा रोडनं हिंगणघाटला निघते. मागे दोन जागा रिकाम्या असतात. तुमचा विषय कापूस नसला तरी चालेल. खरेदीदार आणि विकणारा आकड्यावरून समोरासमोर कसे भांडतात, शेवटी कशावर तयार होतात, हे एकदा उभं राहून बघा. मेसचा हिशेब ठेवणाऱ्या त्या दोघींना मी पहिल्या मंगळवारचं बोलावणं दिलं आहे. त्यानंतरचे मंगळवार मोकळे आहेत. स्वेटर आणा, पहाटे थंडी असते, आणि सोबत एक वही.

तुमची,
नागपूरची एक उद्योजिका